टेमोझोलोमाइडचं गणित आधी, अर्क नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीतल्या बुरशींचे अर्क काढायचे, ते ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या यू87 पेशींवर टाकायचे, 48 तासांनी एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी) करायची आणि या आजारावरच्या नेहमीच्या औषधाशी, टेमोझोलोमाइडशी, तुलना करायची. विषय चांगला आहे, आणि कल्पना हवेतली नाही. मॅरिझोमिब हा रेणू समुद्रतळाच्या गाळातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जिवाणूतून आला. तो रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत, ओलांडतो, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचला. तिथं मात्र रुग्णांचं आयुष्य त्यानं वाढलं नाही. म्हणून अर्काला हात लावण्याआधी तुझ्या तुलनेचा पाया, म्हणजे टेमोझोलोमाइडचा प्रयोग, पक्का कर. तो डळमळीत असला तर पुढच्या एकाही आकड्याचा भरवसा धरता येणार नाही.

पहिली अडचण त्या 48 तासांतच आहे. शरीराच्या तापमानाला, 7.4 पीएचला टेमोझोलोमाइड साधारण दोन तासांत निम्मं मोडतं आणि त्यातून निघालेला मिथाइल गट डीएनएला चिकटतो. बहुतेक मिथाइल ग्वानिनच्या एन7 जागी बसतात, ते पेशी निस्तरते. खरा घात होतो तो ओ6 जागी बसलेल्या, दहा टक्क्यांहूनही कमी मिथाइलांमुळे. डीएनएची नक्कल होताना अशा ग्वानिनसमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसतं. चुकीच्या जोड्या सुधारणारी यंत्रणा ते थायमिन कापते, पण बिघडलेलं ग्वानिन जागच्या जागीच असतं, त्यामुळे पुन्हा थायमिनच येतं. या फेऱ्यात अडकून दुसऱ्या विभाजनाच्या सुमारास डीएनए तुटतो. 48 तासांत पेशी तिथवर पोचलेलीच नसते. मग काहीतरी दिसावं म्हणून 500 किंवा 1000 मायक्रोमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) एवढं औषध टाकलं जातं. रुग्णाच्या रक्तातला उच्चांकही 100 मायक्रोमोलरच्या आत राहतो, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात त्याचा साधारण पाचवा हिस्सा पोचतो. तेव्हा 5 ते 50 मायक्रोमोलरमध्ये काम कर, 100 ही शेवटची पायरी ठेव आणि प्लेट सहा दिवस चालव. एवढे दिवस चालवायची तर 96 घरांच्या प्लेटमध्ये घरटी 1000 पेशी पुरेत, जास्त घातल्यास औषधाविनाच गर्दी होऊन वाढ थांबते. कडेची घरं पेशींविना पीबीएस या क्षारद्रावणानं भर, सहा दिवसांत तिथलं पाणी उडतं आणि मात्रा वाढते. शिवाय वसाहतींची चाचणी हवीच: सहा घरांच्या प्लेटमध्ये घरटी 500 पेशी, 10 ते 14 दिवस, मग क्रिस्टल व्हायोलेटनं रंगव. 50 पेशींहून मोठी झालेलीच वसाहत मोज.

स्टॉक असा कर. टेमोझोलोमाइडचा रेणुभार 194.15, म्हणजे 9.7 मिलिग्रॅम एक मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंस की 50 मिलिमोलर होतं. ते हजारपट पातळ केलं की 50 मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ 0.1 टक्का. कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ दे. फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडू नकोस. पावसाळ्यात ताळगावच्या पठारावर हवा इतकी ओली असते की थंड बाटलीचं झाकण काढताच पावडरीवर पाणी सुटतं. बंद बाटली खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग उघड. डीएमएसओही हवेतलं पाणी ओढतो, म्हणून छोट्या बाटल्या घे आणि स्टॉक एकेका वापरापुरता वाटून ठेव. औषध गरम मीडियात आधीच मिसळून चहाला जाऊ नये, तेवढ्यातही ते मोडायला लागलेलं असतं.

आता पेशी. नुसत्या यू87वर निष्कर्ष काढू नकोस. ओ6 वरचा मिथाइल काढून टाकणारं एमजीएमटी हे प्रथिन यू87 आणि यू251 या पेशींमध्ये बनत नाही, टी98जी या ग्लायोब्लास्टोमाच्याच पेशींमध्ये बनतं. रुग्णांतही हाच फरक दिसला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या एमजीएमटी जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिथिलेटेड, म्हणजे मिथाइल बसून बंद झालेला, होता त्यांचं मध्यक आयुर्मान रेडिएशनवर 15.3 महिने, तर जोडीला टेमोझोलोमाइड दिल्यावर 21.7 महिने होतं. ज्यांचा नव्हता त्यांना फारसा लाभ झाला नाही. खरी गरज त्यांना आहे. तुझा एखादा अर्क टी98जीवर चालला तर तो माझ्या दृष्टीनं यू87वर चाललेल्या दहा अर्कांहून मोलाचा.

यू87चा आणखी एक घोळ माहीत असू दे. 2016 साली उप्सालातल्या संशोधकांनी दाखवलं की जगभर वाटली गेलेली यू87 मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाही. ती मेंदूच्याच गाठीतली दिसते, पण दुसऱ्या कुणाच्या तरी. म्हणून पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या संस्थेतून पेशी आल्या की आधी एसटीआर, म्हणजे त्यांच्या डीएनएची ओळखखूण, तपासून घे, 80 टक्क्यांहून कमी जुळणी असेल तर वापरू नकोस. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) दर महिन्याला कर. त्याला पेशीभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिन लागू पडत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही, आणि एमटीटीचे आकडे मात्र बिघडवतो. पावसात पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये नेऊ नयेत, बुरशी तिथूनच येते. तू बुरशींवरच काम करणार, तेव्हा त्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या हूडमध्ये वाढव. ज्या दिवशी बुरशीला हात लावशील त्या दिवशी पेशींकडे जाऊ नकोस.

अर्कांचं सर्वांत फसवं वागणं एमटीटीतच दिसतं. त्यात पॉलिफेनॉल असले तर पेशी नसतानाही ते एमटीटीला जांभळं करतात, आणि मेलेली पेशी जिवंत वाटते. त्यामुळे प्रत्येक मात्रेला अर्क आणि एमटीटी एवढंच असलेलं, पेशींविना एक घर ठेव. एमटीटी पेशीचा चयापचय मोजते, मरण नव्हे, म्हणून सोबत मरणाऱ्या पेशी दाखवणारं अ‍ॅनेक्सिन घे.

समजा अर्कातून रेणू हाती आला. तो मेंदूत पोचणार का, हे पहिल्या वर्षीच विचार, पाचव्या नव्हे. गाठीच्या मध्यभागी अडसर गळका असतो, त्यामुळे औषध आत गेल्यासारखं दिसतं. पण शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या, निरोगी भागात शिरलेल्या पेशी शाबूत अडसराआड असतात, आणि आजार तिथूनच उलटतो. रेणुभार 450च्या आत, ध्रुवीय पृष्ठभाग 90 चौरस अँगस्ट्रॉमच्या आत, हे ढोबळ निकष. त्यानंतर औषधं बाहेर फेकणारं पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन बनवणाऱ्या एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या) पेशींच्या थरावर दोन्ही दिशांनी तपास: बाहेर फेकण्याचं प्रमाण आत येण्याच्या दुपटीहून जास्त असेल तर पुढे जाऊ नकोस. हळदीतलं कर्क्युमिन प्लेटमध्ये 10-20 मायक्रोमोलरला पेशी मारतं, पण खाल्ल्यावर रक्तात त्याच्या जवळपासही पोचत नाही. व्होरासिडेनिबचं उलट झालं. बदललेल्या आयडीएच एन्झाइमवरचा हा रेणू मेंदूत शिरावा असाच घडवला गेला, आणि 2024 साली अमेरिकेत आयडीएच-बदल असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमांसाठी मंजूर झाला. एक लक्षात घे: 2021च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्रौढांतल्या अशा गाठींना ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. जुने लेख वाचताना दोन्ही आजार एकत्र मोजलेले आहेत का ते बघ.

बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून रुग्णांच्या गाठीचे तुकडे मिळवायचे असतील तर नीतिसमितीचा अर्ज आत्ताच लिहायला घे, मंजुरीला वेळ लागतो. रुग्णाची लेखी संमती हवी, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधी, घाई न करता घेतलेली. त्या पेशी सीरमविना, ईजीएफ आणि बीएफजीएफ ही वाढीची प्रथिनं मिलिलिटरमागे प्रत्येकी 20 नॅनोग्रॅम देऊन वाढव. सीरममध्ये त्या काही पिढ्यांत गाठीची ओळख सोडतात. चोडणच्या अभयारण्यातली माती वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नकोस.

एसटीआरचा अहवाल आला की मला पाठव. सोबत टी98जी आणि यू87च्या सहा दिवसांच्या टेमोझोलोमाइड प्लेटचे कच्चे आकडे दे, सरासरी काढून नको. ते बघून पहिला अर्क कोणत्या मात्रेला लावायचा ते ठरवू.

तुझा हितचिंतक