वाचकांचे प्रश्न : नग मोजले, तरी माल चुकतो

प्रश्न : भिवंडीतील आमच्या गोदामातून रोज दोन टेम्पो नाशिक, मालेगाव आणि धुळ्याचा माल घेऊन सुटतात. भरताना नग मोजूनही अधूनमधून मालेगावचे खोके धुळ्याला जाऊन पोहोचते. चूक नेमकी कोठे होत असावी?

उत्तर : आपण केवळ एकूण नग मोजत असाल, तर चूक तेथेच आहे. मालेगावचे एक खोके धुळ्याच्या थप्पीत गेले आणि धुळ्याचे एक मालेगावच्या थप्पीत आले, तरी बेरीज शेवटपर्यंत जुळत राहते. म्हणून प्रत्येक गावाची मोजणी वेगळी ठेवावी आणि नग चढताना आकड्याबरोबर त्यावरचा मार्का, म्हणजे माल कोठला हे सांगणारी खूणही मोठ्याने वाचून घ्यावी. एका बिल्टीचे (माल पाठवल्याच्या पावतीचे) सहा नग असतील, तर त्यांवर १/६, २/६ असे ठळक लिहिलेले असावे. मग कमी पडलेला नग नेमका कोणता, हे लगेच कळते.

गाववार निवड गाडीत नव्हे, गोदामाच्या फरशीवरच व्हायला हवी. खडूने तीन चौकोन आखून थप्प्या लागल्याशिवाय हमालांना पहिला नग उचलायला सांगू नये. धुळ्याचा माल आधी केबिनकडे, त्यानंतर मालेगावचा, आणि पहिल्यांदा उतरणारा नाशिकचा माल सर्वांत शेवटी मागच्या फाळक्याजवळ (दाराजवळ), हा क्रम आपल्याकडील जुन्या हमालांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तो बिघडतो धुळ्याचा एखादा गठ्ठा उशिरा आल्यावर. 'तूर्त राहू द्या' म्हणून तो नाशिकच्या मालावर टाकला जातो आणि नाशिकला घाईघाईत उतरवताना त्याच मालाबरोबर खाली येतो. अशा वेळी फाळक्याजवळचा माल काढून गठ्ठा त्याच्या जागी लावावा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी पाठवावा.

उतरवण्याच्या क्रमापायी जड पेटी हलक्या खोक्यांवर चढवू नये. प्रत्येक गावाच्या मालात जड नग तळाशीच हवेत.

एका टेम्पोत जागा न उरल्याने काही नग दुसऱ्यात चढवले, तर दोन्ही गाड्यांच्या याद्या तेथल्या तेथे दुरुस्त कराव्यात. त्या मालाचे ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा दस्तऐवज) असेल (राज्यांतर्गत वाहतुकीत १ लाख रुपयांवरील मालाला ते लागते), तर त्यातील गाडीचा क्रमांकही टेम्पो सुटण्यापूर्वी बदलून घ्यावा.