लीड्सची फी भरण्याआधी

तुझा बेत दोनदा वाचला. इंग्लंडमध्ये लीड्सला विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, आठवड्याला वीस तास एखाद्या क्लबात मुलांना स्क्वॉश शिकवून खर्च भागवायचा, उरलेल्या वेळात पीएसएच्या, म्हणजे व्यावसायिक स्क्वॉश संघटनेच्या, स्पर्धा खेळायच्या आणि तीन वर्षांत जगातल्या पहिल्या शंभरात यायचं. बारा वर्षांपूर्वी इंदूरला रामबागेतल्या घरी मी बाबांसमोर अगदी हेच गणित मांडलं होतं. ते कुठे चुकतं, ते आधी सांगते.

विद्यार्थी व्हिसावर इथे ब्रिटनमध्ये सत्राच्या दिवसांत आठवड्याला वीस तास काम करता येतं, हे खरं. पण वाट्टेल ते काम नाही. व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला त्यात मनाई आहे आणि प्रशिक्षकही त्यातच धरतात. म्हणजे तू हॉटेलात कपबशा विसळू शकतोस, पण क्लबातल्या दहा वर्षांच्या पोराला पैसे घेऊन बॅकहँड शिकवू शकत नाहीस. मला इंदूरच्या एजंटनं ठासून सांगितलं होतं, "मॅडम, बीस घंटे कुछ भी करो." इथे आल्यावर विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईनं नियमाचा कागद पुढे केला. मग दीड वर्ष मी गोदामात खोकी भरली. रात्रभर उभं राहायचं आणि सकाळी कोर्टवर घोस्टिंग, म्हणजे चेंडूशिवाय धावून फटक्यांचा सराव, करायचं. गुडघा तेव्हाच गेला. खेळाडूंसाठी वेगळा व्हिसा आहे, पण त्याला खेळाच्या संघटनेची शिफारस लागते आणि ती आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव झालेल्यांना मिळते. तुझी राष्ट्रीय ज्युनियरची उपांत्यपूर्व फेरी चांगलीच आहे रे, पण त्यासाठी पुरेशी नाही.

"सौरव घोषालनं तर हेच केलं" असं तू लिहिलंयस. भारताचा हा नावाजलेला खेळाडू लीड्सला शिकला आणि जवळच्या पाँटिफ्रॅक्टला प्रशिक्षक माल्कम विल्स्ट्रॉपकडे घडला, बरोबर. पण 2004 मध्ये तो ब्रिटिश ज्युनियर ओपन ही ज्युनियरांची मानाची स्पर्धा जिंकला होता. असं बिरुद घेऊन येणाऱ्याला सरावाला माणसं शोधावी लागत नाहीत, तीच त्याला शोधतात.

आता पैशाचं. पीएसएची खालच्या पातळीची चॅलेंजर 3 म्हणजे सगळी बक्षिसं मिळून तीन हजार डॉलरची स्पर्धा. जिंकणाऱ्याला त्यातले पाच-सहाशे मिळतात, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शंभरही नाहीत. विमान, व्हिसा, रॅकेट, तिच्या तारा बदलणं, सगळं आपलं. राहायला कधी यजमान कुटुंब मिळतं, तेवढाच आधार. एका आजीबाईंकडे मी चार दिवस राहिले, रोज सकाळी त्यांना पोहे करून घातले, शेव मात्र घरून नेलेली. ती स्पर्धा मी पहिल्याच फेरीत हरले होते, पण परतीचं तिकीट बदलायला पैसे नव्हते! जर्मनी, फ्रान्स, हॉलंडमधल्या लीगचे सामने खेळून बरेच जण घर चालवतात. त्यात आपल्याला शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या त्या देशांच्या सामायिक व्हिसाची, अट आहे: 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. शिवाय मानधन घेऊन खेळायचं तर साधा पर्यटक व्हिसा चालेलच असं नाही. बोलावणाऱ्या क्लबाकडून हे आधी लेखी घे.

मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी अमेरिकेच्या कॉलेजांना अर्ज केले असते. भारताचे खेळाडू रमित टंडन आणि वेलवन सेंथिलकुमार कोलंबियाला शिकले, वीर चोत्रानी कॉर्नेलला. रमितनं तर पदवीनंतर न्यूयॉर्कला नोकरी केली आणि मग पूर्ण वेळ खेळायला परत आला. ही दोन्ही ज्यात येतात त्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, घरच्या उत्पन्नाकडे बघून मदत मिळते. अमेरिकेतल्याच हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजचा स्क्वॉश संघ 1998 पासून 2012 पर्यंत सलग 252 सामने हरला नव्हता. अशा संघात नवव्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावरचा पोरगाही तुझा घाम काढेल, आणि वर पदवी पदरात पडेल. बारावी होऊन तुला एकच वर्ष झालंय. आजच प्रशिक्षकांना ईमेल कर, सोबत पूर्ण सामन्याचा व्हिडिओ पाठव. निवडक शॉट जोडलेले नकोत, ते कुणाचेही छान दिसतात. आणि बक्षिसाचा चेक घेण्याआधी कॉलेज खेळाचे नियम विचारून घे.

खेळाबद्दल एकच सांगते, कारण हे इथे येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात इंदूरला चेंडू इतका तापतो की लांब मारलेला फटका मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा आपल्याकडे येतो. आपण तो उचलायची वाट बघत राहतो. यॉर्कशायरच्या जानेवारीत, हीटर नसलेल्या कोर्टवर तोच दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू कोपऱ्यात पडून मरतो. मी पहिल्या महिन्यात मागच्या भिंतीकडे आशेनं बघत उभी असायची आणि पन्नाशीच्या बायका मला 11-3 हरवायच्या. चेंडू मागे पोहोचण्याआधीच व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडू न देता, घ्यायची सवय आत्तापासून लाव.

इंदूरच्या डेली कॉलेजच्या कोर्टवर तू रोज जातोस, पण तिथे तुला हरवणारे किती आहेत? माझ्या वेळी दोघं होते, त्यातला एक परीक्षा आली की गायब. तुझी खरी अडचण ही आहे, आणि तिच्यासाठी लगेच समुद्र ओलांडायची गरज नाही. चेन्नईच्या स्क्वॉश अकादमीत सहा महिने काढ. लीड्सच्या एका सत्राच्या फीत ते भागून वर चार स्पर्धांची तिकिटं निघतील. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येतंय म्हणून घाई वाटतेय, हे तुझ्या पत्रात दिसलं. ती घाई आपल्या आघाडीच्या खेळाडूंना, अभय सिंगला, अनाहत सिंगला असू दे. तू एकोणीस वर्षांचा आहेस.

काकूंना सांग, मी तुला येऊ नको म्हणत नाहीये. उन्हाळ्यात पाहुणा म्हणून तीन आठवडे ये, आमच्या बाहेरच्या खोलीत गादी आहे. शेजारच्या गावी बुधवारी क्लबची लीग असते. बॉक्समधल्या, म्हणजे लीगच्या एका गटातल्या, चौघांशी खेळून बघ.

फीचा पहिला हप्ता भरलास का, ते आजच कळव. भरला नसशील तर हात आवर. भरला असशील तर परतीच्या अटींचं पान मला पाठव.