‘हो सर’च्या पलीकडे

प्रश्न : तालुक्याच्या गावी प्रथम वर्ष विज्ञानाला मी भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात ८० मुले आहेत. ‘समजले का?’ असे विचारले की सगळे ‘हो सर’ म्हणतात आणि चाचणीत मात्र कोऱ्या उत्तरपत्रिका येतात. विभागात क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवण्याचे हातातले छोटे यंत्र) घेण्याचा विचार चालू आहे. पण खर्च मोठा आहे आणि सर्वांकडे मोबाइल नाही. काय करावे?

उत्तर : ‘समजले का?’ या प्रश्नाला ८० जणांसमोर ‘नाही’ म्हणायला मोठे धाडस लागते, म्हणून आधी प्रश्न बदलावा. भरलेला ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते? दोन्ही बले सारखीच असतात, तरी न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलेही येथे ‘ट्रक’ असे उत्तर देतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांना हेच आढळले आणि १९९१पासून त्यांनी तासाची रचनाच बदलली. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्याहून कमी आली, तर तो भाग पुन्हा शिकवायचा. नुकतेच समजलेल्या मुलाला मित्र कोठे अडला आहे हे आपल्यापेक्षा लवकर उमगते, हे मलाही वर्गात वारंवार दिसले आहे.

राहिला यंत्राचा प्रश्न. कॅनडातील एका महाविद्यालयात नॅथॅनियल लास्री यांनी क्लिकर आणि उत्तर म्हणून हात उंचावून दाखवायची साधी पत्ती यांची तुलना केली; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या आकलनात फरक आढळला नाही. म्हणून एवढा खर्च आपण करू नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन. मोबाइलच्या कॅमेऱ्याने उत्तरे टिपणाऱ्या ‘प्लिकर्स’ या अ‍ॅपची छापील पत्ती मुलांच्या हाती द्यावी. पत्तीची जी बाजू वर धरावी ते उत्तर, आणि प्रत्येक पत्तीवरची नक्षी निराळी असल्याने शेजाऱ्याने काय निवडले ते सहजी कळत नाही. शिक्षकाचा एकच मोबाइल वर्गावरून फिरवला की उत्तरे नोंदली जातात. प्लिकर्सच्या संचात ८० वेगवेगळ्या पत्त्या नसतात, म्हणून बाकावरच्या दोघांत एक पत्ती द्यावी, मात्र तेव्हा दोघांनी आळीपाळीने उत्तर द्यावे.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. दुसऱ्यांदा उत्तरे घेण्यापूर्वी पहिल्या फेरीचे आकडे फळ्यावर दाखवू नयेत, कारण मुले बहुमताच्या मागे जातात. तसेच या उत्तरांना गुण किंवा हजेरी जोडू नये. चुकण्याची भीती शिरली की पुन्हा ‘हो सर’ सुरू होते. सुरुवातीला तासाला एकच प्रश्न पुरे, आणि त्याचे चुकीचे पर्याय गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून, मुलांच्याच शब्दांत उचलावेत.