वाचकांचे प्रश्न : महायुद्धातली विमाने, गंज आणि डागडुजी

प्रश्न : समुद्रातून काढलेल्या जर्मन डॉर्निअर विमानावर इंग्लंडमध्ये सायट्रिक आम्ल फवारत ठेवले होते, असे वाचले. आम्लाने ॲल्युमिनियम खाल्ले जात नाही का? सरळ वाळवून रंग दिला असता तर काय बिघडले असते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हे डॉर्निअर १७ जातीचे बाँबफेकी विमान २६ ऑगस्ट १९४० रोजी पाडले गेले आणि केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत पडून राहिले. १० जून २०१३ रोजी ते वर काढले आणि कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यावर फवारा सुरू केला. पद्धत ठरवताना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची मदत घेतली होती.

वाळवले असते तर विमान हातचे गेले असते. इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या ड्युरॅल्युमिनमध्ये, म्हणजे विमानाच्या पत्र्याच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत, क्लोराइड (मिठातला गंज वाढवणारा घटक) नुसते वर बसलेले नसते. ते खड्ड्यांच्या तळाशी आणि पत्र्याच्या आतल्या थरांत शिरलेले असते. वाळूखाली प्राणवायू कमी, म्हणून गंजाची चाल मंद. पत्रा बाहेर काढला की हवा मिळते, पाणी उडून जाते, खड्ड्यातला क्षार दाट होतो आणि तिथली आम्लता वाढते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पत्रा आतून फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर दिलेला रंग फोड येऊन उचलला जातो.

आता आम्लाविषयी. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ४ ते ८.५ असेपर्यंत टिकतो. त्याखाली तो विरघळतो आणि त्यावरही विरघळतो. म्हणून कॉस्टिक सोडा किंवा कडक साबणाने विमान धुणे हे आम्लाइतकेच घातक. डॉर्निअरसाठी अगदी पातळ सायट्रिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू साडेपाचच्या आसपास आणला होता. एवढ्यात शिंपल्यांचा थर सैल होतो, क्लोराइड बाहेर पडते आणि धातू शाबूत राहतो.

छोटा सुटा भाग हाती असेल तर तो प्लास्टिकच्या टबात बुडवून ठेवा, मध्येच वाळू देऊ नका. धुतलेल्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरट गढूळपणा आला तर क्लोराइड अजून निघते आहे, पाणी बदला. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतेच, तेव्हा चाचणी आणि शेवटच्या धुण्या डिस्टिल्ड पाण्यानेच करा. पोलादी भाग वेगळे काढा. मॅग्नेशियमचे ओतीव भाग मात्र सायट्रिक आम्लाच्या द्रावणात कधीही घालू नका. ते आम्लात भराभर विरघळतात.

प्रश्न : निवृत्त फिटर आहे. जुन्या अमेरिकी विमानाच्या पंखाचा एक पत्रा बदलायचा आहे. रिव्हेट काढताना भोके मोठी होतात. काय चुकते?
– एक वाचक, ओझर

उत्तर : बहुधा तुम्ही रिव्हेट आरपार ड्रिल करत आहात. ड्रिल फक्त डोक्यापुरते चालवायचे. एक सुती, म्हणजे १/८ इंची रिव्हेट असेल तर डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारा. एडी (AD) या मिश्रधातूच्या रिव्हेटवर मध्यभागी कारखान्याचाच खळगा असतो, तो कामाला येतो. ३० नंबरचे किंवा त्याहून किंचित बारीक ड्रिल डोक्याच्या जाडीइतकेच आत न्या. मग पिन पंच भोकात घालून तिरका केला की डोके तुटते. मागून पत्र्याला लाकडाचा किंवा बकिंग बारचा (रिव्हेटमागे धरायच्या जड पोलादी ठोकळ्याचा) आधार देऊनच दांडा हळू ठोकून बाहेर काढा. आधार नसेल तर आतली पट्टी वाकते आणि नवा पत्रा कधीच नीट बसत नाही.

तरीही भोक लंबगोल झाले असेल तर २१ नंबरचे ड्रिल फिरवून सव्वा सुती, म्हणजे ५/३२ इंची रिव्हेट घाला. त्याआधी कडेचे अंतर मोजा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी जागा हवी, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

नव्या रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक दीड व्यास. ठोकल्यावर मागचे डोके दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच व्हावे. एक सुती रिव्हेटला दीड सूत रुंदी आणि अर्धा सूत उंची. जास्त चपटे झाले तर डोक्याची कड फाटते, कमी झाले तर पकड राहत नाही.

डोक्यावर दोन उठावदार रेघा दिसल्या तर ती डीडी (DD) ही जास्त ताकदीची जात आहे. ती तापवून पाण्यात विझवल्यावर दहा ते वीस मिनिटांत ठोकावी लागते, नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवावी. कडक झालेली डीडी रिव्हेट ठोकली की डोक्याला चीर पडते. तिच्या जागी एडी घालून वेळ मारून नेऊ नका, ती कमी ताकदीची असते.

आतल्या पट्टीवर पांढरी भुकटी असेल तर नायलॉनच्या घासणीने काढा. पोलादी ब्रशचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा खड्डा पडतो. घासून किती जाडी कमी झालेली चालते, ते त्याच विमानाच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहा. जुना हिरवट-पिवळा प्रायमर झिंक क्रोमेटचा असतो. त्याची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडा घासू नका, मास्क आणि हातमोजे घाला.

प्रश्न : प्रदर्शनातल्या विमानावरची गोळ्यांची भोके आणि जुनी ठिगळे बुजवून ते नव्यासारखे करावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उडवायचे नसेल तर अजिबात नको. भोकाच्या कडा ठिसूळ असतील तर पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य ॲसिटोनमध्ये ५ ते १० टक्के विरघळवून ब्रशने लावा. पुढे कधीही ॲसिटोनने ते काढता येते. ठिगळांनाही किंमत असते. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकलेल्या लिबरेटर या अमेरिकी बाँबफेकी विमानांपैकी चाळीसच्या आसपास विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उभी केली आणि ती १९६८ पर्यंत हवाई दलात होती. १९७४ साली भारताने भेट दिलेले असेच एक लिबरेटर, केएन ७५१, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. अशा विमानावर भारतीय कारागिराच्या हातचे ठिगळ सापडले तर ते ‘मूळचे नाही’ म्हणून उचकटणे हा आमच्या मते गुन्हाच आहे.

पॉलिशही टाळा. अल्क्लॅड पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. दरवर्षी चकाकी आणण्याच्या हौसेत तो संपतो आणि खालचे गंजणारे मिश्रधातू उघडे पडते.

प्रश्न : किनाऱ्याजवळ उघड्यावर ठेवलेल्या विमानांची पावसाळ्यापूर्वी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, वास्को

उत्तर : दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात फेअरी फायरफ्लायसारखे विमान आहे, तेव्हा प्रश्न अगदी तुमच्या अंगणातला. गोड्या पाण्याने क्षार धुवा, पण जोराचा फवारा सांध्यांवर मारू नका. पंखांच्या आणि धडाच्या पोटाखालची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करा. घरटी आणि गाळ तिथेच अडकतो. ताडपत्री अंगाला चिकटेल अशी गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. भार टायरवर न ठेवता स्टँडवर घ्या. इंजिनात जतनाचे तेल फवारून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचे प्लग लावले असतील, तर त्यानंतर पंखा हाताने फिरवू नका. सिलिंडरवरचा तेलाचा थर पुसला जातो. निळे जेल गुलाबी झाले की बदला.

प्रश्न : चोरबाजारात युद्धकाळातला उंचीमापक मिळाला. आकडे तपकिरी पडलेत, अंधारात चमकत नाहीत. काच काढून साफ करू का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : काच काढू नका. तो रंग रेडियमचा असण्याची दाट शक्यता आहे. त्यातले झिंक सल्फाइड निकामी होते म्हणून चमक जाते. रेडियम २२६ चे अर्धे आयुष्य मात्र १६०० वर्षांचे, किरणोत्सार जवळपास तसाच राहतो. खरा धोका सुटलेल्या रंगाची भुकटी श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाण्याचा. काच फुटलेली असेल तर यंत्र दोन पिशव्यांत बंद करा, हात धुवा, ते झोपायच्या खोलीत ठेवू नका आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून पुढे काय करायचे ते विचारा. भंगारात किंवा कुरिअरने मात्र देऊ नका.