इंदूरच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी ८०० मीटर खोलीवरचा काल्पनिक मासा बनवतोय, त्याला लाल रंग चालेल का?

हो, चालेल, आणि शास्त्राला धरूनच होईल. पाण्यात तांबडा प्रकाश सगळ्यांत आधी शोषला जातो. खाली उरतो तो निळा, आणि बहुतेक खोल समुद्री जीवांचा स्वतःचा प्रकाशही निळसरच. त्यामुळे लाल अंग तिथे काळं दिसतं. तक्त्यावर उत्क्रांती लिहिताना 'माशाने लपण्यासाठी रंग बदलला' असं कृपया नको, ही नेहमीची चूक. पूर्वजांमध्ये जे जास्त लालसर होते ते शिकाऱ्यांना कमी दिसले, जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढत गेली. लाल कॅरोटिनॉइड (अंगाला रंग देणारी द्रव्यं) मासे स्वतः बनवू शकत नाहीत, ती अन्नातून घेतात, म्हणून आहारात कोळंबीसारखे जीव दाखवाच.

प्रयोगही जोडा: आतून काळ्या केलेल्या खोक्यात निळा एलईडी लावला की मासा काळा दिसतो. पांढऱ्या टॉर्चवर खजुरी बाजारातला निळा जिलेटिन कागद लावणार असाल तर तीन-चार पदर घ्या, एकातून तांबडा प्रकाश झिरपतो. चमकणारा फ्लोरोसंट रंग अजिबात नको, तो निळ्या उजेडात उलट उठून दिसतो.

एक अपवाद: मॅलाकोस्टिअस मासा स्वतः तांबडा प्रकाश पाडतो. त्याच्यापुढे हे लपणं चालत नाही.