फँटसी कादंबरीचा पहिला खर्डा झाल्यावर लेखक पुनर्लेखनात दिवसभर नेमकं करतो काय?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पहिला खर्डा हातात असताना लेखक महिनोन्‌महिने करतो तरी काय, फँटसीत सगळं मनाचंच असतं तर त्यात तपासायला उरतंच काय, आणि तुमचा खर्डा पुढच्या आठवड्यात प्रकाशकाकडे पाठवू का. मधल्यापासून सुरू करते कारण बाकी दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

मनाचं असतं म्हणूनच तपासावं लागतं. पुण्यावर कादंबरी लिहिणाऱ्याने लक्ष्मी रोड कुठून कुठे जातो ते नाही सांगितलं तरी वाचकाला माहीत असतं, पण माझ्या पुस्तकातल्या शेवरी नावाच्या शहरात काय आहे ते माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नाही. मी सुरुवातीला नदी शहराच्या पूर्वेला ठेवली आणि शेवटाकडे सूर्य त्याच नदीत मावळला तर सांभाळून घ्यायला दुसरं कोणी नाही. त्यामुळे पुनर्लेखनाच्या काळात माझा बहुतेक वेळ हिशोबात जातो.

मी इंदूरला राहते, लोकमान्य नगरकडे, आणि शाळेत गणित शिकवते. लिहायचं काम पहाटे, घर उठायच्या आधी, दोन-अडीच तास, मग डबे, शाळा, आणि रात्री जमलं तर थोडं वाचून बघणं. पहाटेच्या वेळात मी नवीन लिहीत नाही, फक्त एकाच प्रकारची गोष्ट तपासते. आज फक्त अंतरं, उद्या फक्त पाणी, परवा फक्त चंद्र. एकाच वेळी सगळं बघायला गेलं की काहीच दिसत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

अंतरांचं लवकर आटपतं. भरलेली बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते, म्हणजे दिवसाला वीसच्या आसपास, आणि घाट लागला की त्याहून कमी. आमच्याकडे महूच्या पुढे जाम दरवाजा आहे, तिथे मालव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड दिसतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आणि खाली नर्मदेकाठी महेश्वर दीडशेच्या आसपास, हे कारमधून जाताना जाणवत नाही पण गाडी-बैल घेऊन चढायचं म्हटलं तर एक अख्खा दिवस जातो. माझ्या पुस्तकात असाच घाट आहे, त्यामुळे नकाशा काढून त्यावर प्रत्येक पात्र कुठल्या दिवशी कुठे आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवलंय. निरोप्या घोड्यावरून गाडीच्या दुप्पट वेगाने गेला तर चालतं, चौपट वेगाने गेला तर घोडा कुठे बदलला ते सांगावं लागतं.

पाणी मात्र सोपं नाही, त्यात मी सगळ्यात जास्त रमते.

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि ते नर्मदेचं असतं, जलूदहून सत्तर किलोमीटर लांबून पंपांनी घाट चढवून आणलेलं, १९७८ पासून. म्हणजे पठारावर शहर वसवायचं तर पाणी कुठून येणार हा प्रश्न इंदूरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. शेवरीही पठारावरच आहे, आणि तिथे पंप नाहीत. मग मी मांडूला जाऊन बसले. मांडू म्हणजे डोंगरावरचं अख्खं शहर, बाजूने खोल दरी, आणि वर सगळीकडे तलाव, बावड्या, हौद. जहाज महालच मुळी मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधे उभा आहे. पावसाचं पाणी छतांवरून पन्हाळींतून खाली हौदात उतरवलंय आणि त्यावर माणसं जगली. शेवरीला मी हेच दिलं, पावसाचं साठवलेलं पाणी.

आता बघा त्याने काय होतं. शहर साठवलेल्या पाण्यावर जगतं म्हटल्यावर वेढा घालणारा सेनापती मूर्ख नसेल तर मार्गशीर्षात येणार नाही, तेव्हा हौद भरलेले असतात. तो वैशाखात येणार. म्हणून वेढ्याची आठ प्रकरणं थंडीतून उचलून उन्हाळ्यात न्यावी लागली. शेकोट्या गेल्या. मोहरीची शेतं गेली, बहावा आला. घोंगड्या राहू दिल्या कारण मालव्यात उन्हाळ्याची रात्र गार असते आणि माझं पठार मालव्यावरूनच घेतलंय. सैनिकांचे पाय पोळायला लागले. एका म्हाताऱ्याचा मृत्यू थंडीने झाला होता तो आता उन्हाने झाला, आणि त्यामुळे त्याच्या मुलीचा राग कोणावर हेही बदललं, कारण थंडीचा दोष कोणाला देता येत नाही पण तहानेचा देता येतो, हौदाच्या किल्ल्या कोणाकडे तरी असतातच. ते प्रकरण आता पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालंय असं मला मनापासून वाटतं, आणि ते कल्पनाशक्तीतून आलेलं नाही, पाणी कुठून येतं हे विचारल्यामुळे आलंय.

महिना बदलला की चंद्र बदलतो. तिथीचा एक फायदा आहे, चंद्र कधी उगवेल ते तिथीतच असतं. पौर्णिमेचा सूर्यास्ताच्या वेळी, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताट वाढून थांबलेल्या कोणालाही हे कळतं. म्हणून वेढ्यातून रात्री निसटायचं असेल तर वद्य दशमी-एकादशी घ्या, अर्धी रात्र अंधार मिळतो आणि पुढच्या वाटेला थोडा उजेडही. मी प्रत्येक रात्रीच्या प्रसंगासमोर समासात तिथी लिहिते, पुस्तकात ती कुठेच छापली जाणार नाही.

आता जादू. माझ्या गोष्टीत पाणाडी लोक आहेत, पण ते जमिनीखालचं पाणी नुसतं ओळखत नाहीत, खडकातून बोलावू शकतात. मग पहिला वाचक हेच विचारणार की असे लोक असताना शहर तहानेने मरेलच कसं? आणि त्याचं बरोबर आहे. उत्तर असं की प्रत्येक वेळी पाणी बोलावलं की पाणाड्याची एक आठवण जाते, कुठली जाणार ते त्याच्या हातात नाही. एका हौदाला एक आठवण. शहरात पाणाडी किती, हौद किती, वेढा किती दिवसांचा, एका माणसाच्या किती आठवणी गेल्या की तो स्वतःचं घर विसरतो, हे सगळं मी मांडलं. गणिताची बाई असल्यामुळे मला त्याचा कंटाळा येत नाही. एक्सेलच्या शीटमध्ये मालनच्या, म्हणजे माझ्या नायिकेच्या, नावाखाली ओळीने लिहिलंय की कुठल्या प्रकरणात कुठली आठवण गेली. आजोळची विहीर. भावाचा आवाज. भाकरी थापायची कशी. आणि त्या ओळीनंतर येणारं प्रत्येक पान मी पुन्हा वाचते, कारण भावाचा आवाज गेला असेल तर पुढे दाराबाहेरून त्याने हाक मारल्यावर ती दार उघडणार नाही. पहिल्या खर्ड्यात तिने आनंदाने दार उघडलं होतं. आता ती आतून कडी लावते, आणि तो बाहेर हाका मारत राहतो. मला तो प्रसंग लिहिताना फार त्रास झाला, पण नियम मीच केलाय आणि नायिकेला त्यातून सूट दिली तर मग वेढ्यात ज्यांनी सगळं विसरून शहराला पाणी पाजलं त्या बाकीच्या पाणाड्यांचं काय? त्यांच्यावर अन्याय होतो. पात्रं खोटी असली तरी हा अन्याय वाचकाला कळतो.

मग येतात वस्तू. माझ्या जगात समुद्रापलीकडून कोणी आलेलं नाही असं ठरवलंय, म्हणजे मिरची नाही, बटाटा नाही, मका नाही, टोमॅटो नाही, हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. गुलमोहरही नाही, तो मादागास्करचा. भुट्ट्याचा किस खाऊन वाढलेल्या माणसाला मक्याशिवाय पावसाळा लिहिणं जड जातं, पण तिखटाला मिरी, मोहरी, आलं आहेच. मिरची शोधून काढणं सोपं आहे हो, पण ‘नाकाला मिरच्या झोंबल्या’ हेही काढावं लागतं. बंदूक नाही तर ‘बंदुकीच्या गोळीसारखा सुटला’ जाणार, रेल्वे नाही तर ‘गाडी रुळावर आली’ जाणार. मिनिटं नाहीत, घटका आहे, ती चोवीस मिनिटांची, आणि तिची साठ पळं. पण ‘तो पाच मिनिटं थांबला’च्या जागी मी घटका-पळांचा हिशोब टाकत नाही, ‘दिव्यात तेल घालून होईपर्यंत थांबला’ असं काहीतरी करते, त्याने वाक्य जिवंत होतं. प्रत्येक जुनं माप कोंबून वाक्यं पुराणवस्तू संग्रहालयासारखी करणारे लेखक आहेत, मला ते आवडत नाही.

टायपिंगबद्दल थोडं, कारण हे कोणी सांगत नाही आणि यात दिवसच्या दिवस जातात. शहराचं नाव आधी मांडर होतं. मालन, महीपत आणि मांडर, तिन्ही ‘म’, माझी भाची वाचताना सारखी अडखळायची, म्हणून शेवरी केलं. इंग्रजी लेखक फाइंड-रिप्लेस मारून मोकळा होतो, मराठीत ‘मांडरात’चं ‘शेवरीात’ होतं. त्यामुळे मांडरात, मांडराला, मांडराच्या, मांडराहून असं एकेक रूप वेगळं शोधायचं, लांब रूपं आधी आणि नुसतं नाव सगळ्यात शेवटी. शिवाय ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असले शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतात, फोनवर एक आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवर दुसरी, दिसायला एकसारखे पण कॉम्प्युटरसाठी निराळे, म्हणून शोधल्यावर अर्धेच सापडतात. आणि पात्राचं लिंग बदललं तर विचारूच नका. माझा नावाडी आता नावाडीण आहे, तिच्या प्रत्येक वाक्यात क्रियापद, विशेषण, त्याचं-तिचं, सगळं डोळ्यांनी वाचून बदलावं लागलं. ते करताना लक्षात आलं की तिचे दोन संवाद बाईच्या तोंडी आल्यावर जास्त धारदार झालेत, म्हणून तिला अजून एक प्रसंग दिला.

रात्रीचं वाचन सासूबाईंसमोर. त्या फँटसी वगैरे काही म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी ती गोष्ट आहे. मोठ्याने वाचलं की कुठे श्वास अडकतो ते कळतं, आणि त्यांचे प्रश्न फार नेमके असतात. परवा म्हणाल्या, “अगं, ही पोर चार दिवस चालतीये, जेवली कधी?” मी म्हटलं, “आई, ते गृहीत धरायचं.” तर म्हणाल्या, “तू धर, मला भूक लागली.” दुसऱ्या दिवशी मी मालनच्या कमरेला सातूच्या पिठाची पुरचुंडी बांधली, आणि ती कोणाबरोबर वाटून खाल्ली त्यावरून तिची एक मैत्रीण तयार झाली.

त्यांच्याच प्रश्नावरून शेवरीचा बाजार दुरुस्त झाला. तो मी आमच्या इंदूरच्या सराफा बाजारावरून घेतलाय, दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांवर खाण्याच्या गाड्या. माझ्याकडे दिवसा धान्य विकतात आणि रात्री तिथेच पाणाडी लोक हरवलेल्या आठवणींबद्दल विचारपूस करायला येतात. मी कंदील, वास, गर्दी असं छान लिहून ठेवलं होतं. आईंनी विचारलं, “रात्री ओटा वापरायचे पैसे कोणाला देतात, आणि पहाटे झाडतं कोण?” झाडणारी बाई आता पुस्तकात आहे. रात्री काय काय बोललं गेलं ते सगळं तिला माहीत असतं, कारण ती शेवटच्या माणसाच्या आधी येऊन बसते.

तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पुढच्या आठवड्यात पाठवू नका. आधी खर्डा थोडे आठवडे बाजूला ठेवा, मग तुमच्या जगाचा सगळ्यात महत्त्वाचा एक नियम घ्या, पाणी असेल, जादूची किंमत असेल, राज्य कोणाकडून कोणाकडे जातं ते असेल, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त तेवढंच तपासा. ते जिथे मोडेल तिथे ठिगळ लावू नका, मोडल्यामुळे पुढे काय काय हलतं ते बघा, नवं प्रकरण बहुतेक वेळा तिथूनच मिळतं. कापायची भीती बाळगू नका. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं, बत्तीस पानं कमी झाली तर दोन फर्मे वाचतात, प्रकाशकाला तेही कळतं आणि वाचकालाही. आणि पाठवाल तेव्हा सोबत नकाशा आणि सगळ्या नावांची, तुम्ही बनवलेल्या शब्दांची यादी जोडा, प्रत्येकाच्या दोन-तीन रूपांसकट. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात, ‘शेवरी’ बरोबर की ‘शेवरि’ हे मुद्रितशोधकाला कोशात सापडणार नाही, तुमच्या यादीतच सापडेल.