ढोलकी शेकायची का?

प्रिय सई,

परवा नेवाडातल्या काउबॉय गाण्यांच्या मेळाव्याहून परतताना तू गाडीत विचारलंस, "बाबा, ते गिटारवाले सूर दाखवणारा क्लिप लावून मिनिटात तयार होतात. तुम्ही अर्धा तास ढोलकी शेकत आणि ठोकत का बसता? सगळे बघत होते." मी म्हणालो, "आपली पद्धत आहे ती." हे काही उत्तर नव्हे. आणि 'सगळे बघत होते' हे जरा लागलं, म्हणून लिहितोय.

आमच्या पाटणकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला व्हायचा. ओल धरली की चामडं ढिलं पडतं, सूर उतरतो, थाप भदभद वाजते. म्हणून गणपतीत आरतीआधी अण्णाआजोबा ढोलकी चुलीपासून हातभर लांब धरून फिरवत राहायचे. हलगीवाले अंगणात पेंढा पेटवून हलगी तापवत. ते आमच्या ओट्यावर चढत नसत. का, ते मी कधी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

नेवाडाचं पठार याच्या अगदी उलट. पाच हजार फूट उंची, जानेवारीत रात्री उणे दहा, आणि आत हीटर. हवेत ओल नावालाही नाही. तिथं चामडं आपसूक आवळतं, सूर चढतो. म्हणजे शेकायची गरजच नव्हती. मी हेअर ड्रायर फिरवला तो निव्वळ सवयीनं, आणि शाईला तडा गेला तो त्यामुळेच. शाई म्हणजे उजव्या पुडीवरचा, म्हणजे तोंडावर मढवलेल्या चामड्यावरचा, काळा गोल. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ घोटून ती थरावर थर चढवतात. कोरडी गरम हवा जवळून लागली की तिचे कण सुटतात आणि थाप किरकिरते. डाव्या पुडीला आतून तेलकट मसाला असतो. तो थंडीत घट्ट होतो, घुमारा जातो. त्याला ऊब हवी, पण तळहातानं चोळलं तरी पुरते. म्हणजे शेकण्यापुरती तू बरोबर आहेस.

खरं तर घरून निघतानाच दोरांतल्या, ताण देणाऱ्या कड्या उतरवून दोर सैल करायचे होते, नाहीतर कोरड्या हवेत पुडी काठाशी फाटते. पिशवीत भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवायचा, चामड्याला टेकू द्यायचा नाही. आणि गाडीतून आत आणल्यावर तासभर काहीच उघडायचं नाही, कारण गार बाजाच्या पेटीच्या सुरांवर दव धरतं.

ठोकणं मात्र सुटत नाही. आधी कड्या सरकवून ढोबळ सूर, मग हातोडीनं काठावर हलके ठोके, ढोलकी गोल फिरवत. एकच बाजू चढली तर थाप दोन सुरांत फुटते. गिटारला सहा तारा असतात. इथं ताण चहूबाजूंनी सारखा करायचा असतो. त्यात आपण पेटीच्या काळी चारला गातो आणि ती मंडळी बहुतेक पांढरी पाच, दोन किंवा सहाला. गिटारवाल्यानं दांडीवरच्या पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून पांढरी पाचची बोटं धरली की तो काळी चारला येतो. फिडलवाल्याला तसं करता येत नाही आणि तो वैतागतो. बरोबर वाजवायचं असेल तर आपणच अर्धा सूर उतरावं. ढोलकी तेवढं सोसते. त्याहून खाली नेली की शाईची पुडी बोलायची थांबते.

माइकचं तर विचारूच नकोस. मधोमध एकच माइक लावला की खोडाची ठकठक तेवढी ऐकू येते. दोन लागतात, दोन्हीकडे वीतभर अंतरावर, आणि डावा थोडा तिरपा, नाहीतर घुमारा घोंगावतो.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. काउबॉयांच्या गाण्यात ढोल जवळजवळ नसतोच. रात्री कळपाभोवती दोन स्वार उलटसुलट दिशांनी फिरत संथ गात, गुरांनी बुजून उधळू नये म्हणून. नेवाडातल्याच एल्को गावातला १९८५ साली सुरू झालेला मोठा मेळावाही मुळात कवितांचा. लोक शांत बसून ऐकतात. आपली ढोलकी मोकळ्या पटांगणात माणसं गोळा करायला घडलेली. पहिल्याच गाण्याला चढी लावणी वाजवली की समोरची मंडळी खुर्चीत मागे सरकतात, ते तू पाहिलंस. आधी मोटेचं गाणं घ्यायला हवं होतं, नुसतं तुणतुणं आणि झांज. मोट ओढणारे बैल विहिरीच्या धावेवरून, म्हणजे उतारावरून, उतरताना आजोबा म्हणायचे ते. त्यांच्या मळ्यावर नंतर पंप आला आणि गाणं थांबलं. मला त्याच्या दोनच ओळी येतात, त्याही बहुधा चुकीच्या.

तुझा तो क्लिप ढोलकीवर भरवशाचा नाही, चामड्याचा सूर त्याला नीट पकडता येत नाही. तुणतुण्याच्या काठीला लावून बघ, तिथं चालेल. हातोडी उचलायचीच असं काही नाही. मार्चमध्ये नवी पुडी चढवणार आहे, तेव्हा दोर ओढायला दुसरा माणूस लागतो. तुझी परीक्षा असेल तर मी कुणाला तरी बोलावीन.

तुझा,
बाबा